झाकण उघडू नये

अबोल्याचा आज अकरावा दिवस.
साडेसातला ती शाळेत गेली. फ्रिजवर चिठ्ठी:
दूध तापवलंय. गॅसवाला येईल.
खाली सही नाही.
चौतीस वर्षांनंतर सही कशाला लागते,
तरी मी कागद उलटून पाहिला.

मग स्टूल घेतलं आणि माळ्यावरून ते भांडं काढलं,
हर्षदने टोरांटोहून आणलेलं, एकशेदहा व्होल्टचं.
जेल रोडच्या रऊफभाईंनी त्याला
एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर जोडून दिला होता;
परदेशी नवरीबरोबर पाठराखीण आल्यासारखा
तो सतत गुणगुणतो.

भाच्याच्या कागदावर पदार्थाचं नाव: कॉबलर.
इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकापासून
मला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक, मोची.

पेरू मल्हारगंजातून आणले.
इंदुरात आम्ही त्यांना जाम म्हणतो.
पुण्याची पाहुणी 'जाम आणलेत' ऐकते
आणि ब्रेड शोधू लागते.
तीस वर्षं आयटीआयमध्ये लेथ शिकवला,
सुताएवढा फरक बोटांना कळतो;
पेरूच्या बिया मात्र कळल्या नाहीत.
साली ओल्या कचऱ्यात, बिया ओल्या कचऱ्यात,
निम्मा गरही गेला.

गूळ. दालचिनी. अर्धं लिंबू.
वरून ताकात भिजवलेला मैदा, चमच्याने, जाईल तसा.
कागद म्हणतो, थापून सपाट करू नका,
ठिगळं ठिगळंच राहू द्या,
फटींतून रस वर येईल.
म्हणजे मोचीच की.
झाकणाखाली सुती फडकं ताणा,
नाहीतर वाफेचं पाणी टपकून सगळं गिच्च होईल.
आणि शेवटी, दोनदा अधोरेखित:
झाकण उघडू नये.
एकदा उघडलं की वीस मिनिटं मागे.

लूना मी विकली. तिची होती.
गंजली होती, टायर बसले होते,
सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता.
हे सगळं खरं आहे
आणि यातलं काहीच मी तिला विचारलं नव्हतं.
माझा पगार सात महिने अडकला तेव्हा
त्याच लूनावरून सुदामा नगर, लोकमान्य नगर, छावणी,
ती शिकवण्या घेत फिरली,
पदर कमरेला, पुढे वह्यांची पिशवी.
भंगारवाल्याने हातगाडीवर आडवी घातली
तेव्हा हँडल एकदा आपोआप वळलं.

अगं पण टायर.
अगं पण जिन्याखालची जागा.
अकरा दिवसांत मी किती वेळा झाकण उघडलं!

दोनला लाइट गेली.
याबद्दल हर्षदच्या कागदात एक अक्षर नाही.
पाठराखीण गप्प झाली.
मी भांड्याला हॉलमधली शाल गुंडाळली,
मग लक्षात आलं, ती तिची,
सोडवून माझी गुंडाळली.
अठरा मिनिटांनी लाइट आली.
काचेमागे नुसतं फडकं. वास मात्र
जिन्यापर्यंत गेला असावा,
कारण वरच्या मजल्यावरचे निगुडकर
विनाकारण पेपर मागायला आले.

सव्वाचारला ती आली. चपला काढल्या,
थांबली. नाकाने घर वाचलं.
मी कढत वाटी टेबलावर ठेवली
आणि गॅसवाला आला नाही, एवढंच भिंतीला सांगितलं.

तिने एक घास खाल्ला.
उठली, कपाटातून जिरावणाचा डबा काढला,
आणि त्या टोरांटोच्या पदार्थावर
मोठी चिमूट भुरभुरवली, सराफ्यात भुरभुरवतात तशी.
परत खाल्लं.
वाटीकडेच पाहत म्हणाली,
"कितीला दिलीत?"

"अठराशे."

"फसवलं तुम्हाला."

मग बराच वेळ फक्त चमच्याचा आवाज.
भांड्याच्या तळाशी जे खरवडून निघालं, काळं, चिकट,
त्यातलं अर्धं तिने माझ्या वाटीत टाकलं.
अर्ध्याहून थोडं कमीच.